मीटरला डाग

मामाच्या गाडीचं मीटर आधी फक्त दुपारचं जायचं. सकाळी सोसायटीतून निघताना काटे, आकडे, पेट्रोलच्या कांड्या सगळं जागच्या जागी असायचं. उन्हात तासभर गाडी उभी करून परत बसलं की मधली आकड्यांची पट्टी कोरी. डॅशबोर्डवर एक थाप मारली की उजळायची. होळीच्या सुमाराला ती थापेलाही जुमानेना. मग काही दिवस अर्धवट दिसायला लागलं. आकड्यातली एखादी उभी रेघ गायब, त्यामुळे इंग्रजी आठाचा सहा आणि नवाचा पाच. गुढीपाडव्याला मामाने नेमाप्रमाणे डायरीत ८६,४१२ असा आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी कायमची गेली. काटे चालू, दिवे चालू, मागचा निळा उजेडसुद्धा चालू. आकडे तेवढे नाहीत.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मीटरकडे पाहिलंही नाही, जॉब कार्डाकडे बघूनच सांगितलं, "काका, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. साडेअठरा हजार. पार्ट यायला तीन आठवडे." गाडी २०१३ ची. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या दारात गेलो असतो तरी बहुधा हेच ऐकलं असतं.

मामाने ३४ वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये काढली. माझी धाकटी बहीण मृणाल हिंजवडीला गाड्यांच्या मीटरचंच सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे मीटर उघडण्यात जन्म गेलेला एक आणि मीटरवरच पोट असलेली एक, दोघं एका घरात. कुणालाही वाटेल, आता काम चुटकीसरशी होणार. झालं उलटंच. मे महिन्यातल्या एका रविवारी कोथरूडच्या पार्किंगमध्ये गाडीची दोन्ही दारं सताड उघडी, मामा स्टिअरिंगखाली डोकं घालून बसलेला, मृणाल बाहेर हाताची घडी घालून उभी, आणि मी मोबाइलचा टॉर्च धरून दोघांच्या मध्ये.

"मामा, मी अजूनही सांगते, उघडू नकोस."

"का? चावणार आहे का ते?"

"आत्ता ते मेलंय. तू हात लावल्यावर ते अर्धवट जिवंत होईल, आणि ते जास्त वाईट. कोरं मीटर प्रामाणिक असतं. मला माहीत नाही, एवढंच ते म्हणतं. आठाचा सहा दाखवणारं मीटर चक्क खोटं बोलतं. आमच्याकडे सगळा जीव याच्यासाठी आटवतात. आयएसओ २६२६२ म्हणून एक मानक आहे, २०११ मध्ये पहिल्यांदा आलं. त्यात प्रत्येक भागाला विचारायचं, हा बिघडला तर माणसाला काय होईल? आणि बिघडायचंच असेल तर कुठल्या बाजूला बिघडलेलं बरं? काळं पडलं तर ड्रायव्हर सावध होतो. चुकीचं दिसलं तर तो त्यावर विसंबतो."

"बरोबर आहे," मामा आतूनच म्हणाला. "म्हणूनच नीट करायचं. अर्धवट करा असं कोण म्हणतंय?"

"नीट झालं हे ठरवणार कोण? तूच?"

मामाने उत्तर दिलं नाही. त्याला चांदणीच्या खाचेचा स्क्रू सापडला होता आणि तेवढ्यापुरतं जगातलं बाकी सगळं थांबलं होतं.

खरं तर त्याची तयारी बरीच आधीपासून होती. फ्यूज त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. बॅटरी उभ्या गाडीला १२.५ व्होल्ट देत होती, इंजिन चालू केल्यावर १४ च्या वर जात होती. बॉडी अर्थ घासूनपुसून झाला होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एक फेरी मारून सोल्डरची बारीक तार, फ्लक्सची डबी, जुनं कथील शोषून घेणारी तांब्याची जाळीची पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली होती. सगळी मिळून ३२० रुपये. हा आकडा त्याने आम्हाला तीनदा सांगितला. एकदा चहाच्या आधी, एकदा नंतर, आणि एकदा मामीला ऐकू जाईल अशा आवाजात.

(तपकीर गल्लीचं नाव निघालं म्हणून सांगतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलींची डिजिटल मीटरं काळीठिक्कर पडतात, तो आजार वेगळा. तिथे आकडे शाबूत असतात, काचेवरची पोलरायझरची फिल्म जळलेली असते. जुनी फिल्म खरवडायची, गोंद पुसायचा, नवी चिकटवायची. चिकटवताना दिशा चुकली तर पांढऱ्यावर काळे आकडे यायच्याऐवजी काळ्यावर पांढरे येतात. माझ्या बाइकला तसेच आलेत. मी ते तसेच ठेवलेत, बरे दिसतात.)

"बॅटरीची निगेटिव्ह काढलीस?" मृणालने विचारलं.

"काढली."

"किती वेळ झाला?"

"झाली की पाच मिनिटं."

"दहा होऊ दे. एअरबॅगच्या कंट्रोलरमधला कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. आणि स्टिअरिंगखाली पिवळ्या वायरी दिसतील, त्यांना स्पर्शसुद्धा करायचा नाही."

मामा निमूट बाहेर येऊन पायरीवर बसला. मला वाटतं, त्या दिवसातलं पहिलं एकमत हेच. त्या दहा मिनिटांत मात्र खरा वाद झाला.

"तू मला एक सांग," मामा म्हणाला, "साडेअठरा हजारात ते काय करणार? हेच चार स्क्रू काढणार, हाच एक कनेक्टर उपसणार, नवा डबा बसवणार. जुन्यात कुठे काय बिघडलं हे त्यांनाही कळणार नाही, मलाही नाही, बनवणाऱ्यालाही नाही. याला दुरुस्ती म्हणायचं? ही अदलाबदल झाली."

"ती अदलाबदल कारखान्यात तपासलेल्या मीटरशी होते. थंडीत, उष्णतेत, थरथराटात टिकतं का ते बघितलेलं असतं. तुझ्या हातचा जोड कोण हलवून बघणार? कोथरूडचे स्पीड ब्रेकर?"

"ते कारखान्यातल्या टेबलापेक्षा कडक आहेत."

हे मात्र तिलाही मान्य करावं लागलं.

मग मामाने ठेवणीतलं काढलं. "२०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं आणि वाहनं, ही चार क्षेत्रं घेतली. डिसेंबरात पोर्टलही निघालं. म्हणजे सरकारलाही पटलंय की विकणाऱ्याने दुरुस्तीची माहिती दिली पाहिजे. मी सर्किटचा नकाशा मागितला तर तो पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या तिजोरीची किल्ली मागितली."

"हक्क असणं वेगळं आणि हात असणं वेगळं, मामा. तुला हात आहे. उद्या तुझं बघून वरच्या मजल्यावरचा कुणी यूट्यूब लावून बसेल. पिवळी वायर ओढेल."

"मग त्याला शिकवा. झाकण सील करून काय होणार? जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. आपल्या तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालला, तोही २०२० च्या शेवटी थांबला. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्या गाड्या रस्त्यावरच आहेत ना? त्यांची मीटरं काय कंपनी गेली म्हणून बिघडायची थांबणार आहेत?"

"सर्व्हिस आणि पार्ट देत राहू, असं सांगितलंय त्यांनी."

"आज. दहा वर्षांनी कोण कुणाचं?"

"बरं, मग मधला मार्ग. जुन्या बाजारात जा, रविवार आहेच आज. याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचं मीटर मिळेल. ते लाव."

"छे!" मामा जरा जास्तच जोरात म्हणाला. "त्यात दुसऱ्याच्या गाडीचं रीडिंग असतं. मीटरच्या बोर्डावर आठ पायांची एक चिप असते, एकूण किलोमीटर त्यात. बॅटरी काढली तरी जात नाहीत. ते मीटर माझ्या गाडीला लावलं तर माझी गाडी एका दिवसात एक लाख त्रेचाळीस हजारांची होईल. दुसऱ्याची जन्मपत्रिका माझ्या गळ्यात."

"त्रेचाळीस का?"

"काहीतरी आपलं. उदाहरण."

"आणि ती चिप बदलून रीडिंग जुळवणं—"

"ते मी करणार नाही. रीडिंग खरं करायला एकदा हात लावला की खोटं करायलाही तोच हात लागतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात लोक हेच करतात आणि घेणाऱ्याला फसवतात. माझ्या गाडीचे किलोमीटर माझ्याच चिपमध्ये राहू देत."

मृणालने पहिल्यांदाच हाताची घडी सोडली. मला वाटतं, मामाला ती हौशी माणूस समजत होती. तो कुठे थांबायचं ते ठरवून आलाय हे तिला तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

मीटर बाहेर आलं. वर घेऊन गेलो, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मृणालने मामाला आधी स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून यायला सांगितलं. अंगातली स्थिर वीज चिपला एका ठिणगीत मारते आणि ती ठिणगी दिसतही नाही. मागचं झाकण लॉकवर होतं. मामाची बोटं एकामागून एक बरोबर त्या लॉकवरच जात होती, रोज उघडत असल्यासारखी. मी तसं म्हणालोही. "अनुभव," तो म्हणाला.

समोरची काच निघाली. आता पांढरे आकडे छापलेली तबकडी आणि तिच्यावर दोन काटे. आकड्यांची पट्टी तबकडीच्या मागे, म्हणजे काटे उपटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"आमच्या पद्मिनी गाडीचं मीटर बघायला हवं होतंस तू," मामा म्हणाला. "गिअर बॉक्समधून एक केबल यायची, ती एक चुंबक फिरवायची. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी, न टेकता. चुंबक फिरला की वाटी ओढली जायची, केसासारखी स्प्रिंग तिला धरून ठेवायची. वाटीला काटा. ओटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेलं, आणि आमच्यापर्यंत तेच चाललं. केबल कोरडी पडली की काटा थरथरायचा. ग्रीस भरलं की शांत."

"त्यात काट्याचा चाकाशी संबंध होता. यात काही नाही." मृणालने काट्याच्या खाली बोट दाखवलं. "इथे एक छोटी स्टेपर मोटर आहे. चाकाचा वेग सेन्सर मोजतो, एक आकडा वायरवरून इथे येतो, प्रोसेसर मोटरला सांगतो, इतकी पावलं सरक. मोटर मुकाट सरकते. तिच्या दांड्यावर काटा कुठल्या कोनात बसवलाय हे तिला कळत नाही. काटा दिसायला यंत्र, पण आहे चित्रच. म्हणून म्हणते, उपटायच्या आधी खूण कर."

"केलीय," मामाने पेन्सिलीची दोन बारीक टिंबं दाखवली.

काटा उपटायला दोन चमचे लागतात. दोन्ही बाजूंनी तबकडीवर पातळ पुठ्ठा ठेवायचा, चमच्यांच्या टोकांनी काट्याचा बुंधा सारख्याच जोराने वर उचलायचा. मामीच्या चहाच्या चमच्यांपैकी दोन या कामावर रुजू झाले. "ते माझ्या आईने दिलेले आहेत," मामी आतून म्हणाली. टक् असा आवाज आला आणि काटा मामाच्या तळहातावर आला. दुसरा जरा फिरून निघाला.

पट्टीच्या खाली बोर्डात ओळीने पिना घुसलेल्या. मामाने डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि बराच वेळ गप्प बसला. मग भिंग माझ्याकडे दिलं. आधी मला नुसतेच चंदेरी ठिपके दिसले. बोर्ड थोडा तिरका केल्यावर दिसलं ते असं: सातव्या पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. जात्याचा खुंटा ढिला झाला की भोवती जशी फट दिसते, अगदी तशी. कथील आपल्या जागी, पिन आपल्या जागी, आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही. अशा चार पिना निघाल्या. एक नेमकी सगळ्या आकड्यांना सामायिक असलेली.

"दुपारी का जायचं ते कळलं?" मामा मला म्हणाला, पण ऐकवत होता मृणालला. "काच वेगळी फुगते, पिन वेगळी, बोर्ड वेगळा. बारा उन्हाळे रोज फुगायचं, रात्री आकसायचं. ताण सगळा या एवढ्याशा कथलावर. गरम झालं की फट उघडायची, थाप मारली की टेकायची. साडेअठरा हजारांचा आजार मोहरीएवढा."

"मूळ जोड शिशाशिवायचा असणार," मृणाल भिंगातून बघत म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ऑफिसात ती मीटर स्क्रीनवर आणि टेस्ट बेंचवर बघते; तुटलेला जोड तिने बहुधा असा कधी बघितला नव्हता. "तो वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. तुझी तार शिशाची, ती १८३ च्या आसपास. वरून नुसता थेंब टाकू नकोस. आधी जुनं काढ."

"अगं, डाग द्यायचा म्हणजे आधी भांडं घासायचं, एवढं कासारालाही कळतं."

डाग देणं हा त्याचा शब्द. कारखान्यात सगळे सोल्डरिंग म्हणत, पण त्याच्या आईच्या तपेलीला डाग द्यायला जो माणूस यायचा, त्याच्याकडून मामाने विस्तव आणि कथील ही जोडगोळी प्रथम पाहिली. त्याने २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री तापवली, टोकाला थोडं कथील लावून ओल्या स्पंजावर फिरवलं. टोक आरशासारखं झालं. "ही कल्हई. हिच्याशिवाय उष्णता जात नाही, नुसता धूर होतो." जाळीची पट्टी पिनेवर ठेवून इस्त्री टेकवली तसं जुनं कथील पट्टीत शोषलं गेलं, पावात दूध शिरावं तसं. मग फ्लक्स. मग इस्त्रीचं टोक पिनेला आणि बोर्डाला एकाच वेळी, दोन सेकंद, तार बाजूने. थेंब पिनेभोवती आपण होऊन चढला आणि बाहेरून आत बाकदार झाला. मामाचा हात ६८ व्या वर्षी थरथरतो. पाण्याचा पेला धरताना मी बघितलाय. इस्त्री हातात असताना थरथरला नाही.

चार दुखऱ्या पिना झाल्यावर त्याने उरलेल्या सगळ्यांना डाग दिला. मृणाल म्हणाली, चांगल्यांना कशाला हात लावतोस? मामा म्हणाला, बारा उन्हाळे त्यांनीही काढलेत. इथे मला तिचं पटलं. धडक्या जोडाला पुन्हा उष्णता देण्यात धोका असतोच. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं, मी टॉर्च धरायला होतो.

अल्कोहोलने बोर्ड पुसला, तबकडी बसवली, काटे टिंबांवर दाबून बसवले. खाली जाऊन कनेक्टर खोचला, बॅटरी जोडली, मामाने किल्ली फिरवली. निळ्या उजेडात सगळे आकडे एकदम आले. एकही रेघ कमी नाही. घड्याळ बारावर, कारण त्याची वीज तोडली होती. किलोमीटर मात्र चिपने सांभाळले होते. ८८,०३०.

मामा काही बोलला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने मीटरची काच पुसली. ती स्वच्छच होती.

"चल," मृणाल म्हणाली, "चक्कर मारून येऊ."

"आता कशाला? दिसतंय की."

"दिसतंय. खरं आहे का ते बघू."

रविवारची दुपार, कर्वे रस्ता त्या मानाने मोकळा. मामा गाडी चालवत होता, मृणाल शेजारी मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून, मी मागे. "चाळीसवर धर," ती म्हणाली. मामाने काटा चाळीसवर धरला. मोबाइल ४६ म्हणत होता. "चुकत असेल तुझा मोबाइल." पुढे रस्ता मिळाल्यावर काटा पन्नासवर. मोबाइल ५६.

गाडीत कुणीच बोललं नाही.

"सकाळी ही गाडी आकडे दाखवत नव्हती," मृणाल शेवटी म्हणाली. "पण वेग खरा दाखवत होती. आता आकडे दाखवते आणि वेग कमी सांगते. मीटरने जास्त दाखवलेलं चालतं, मामा. संयुक्त राष्ट्रांचा एकोणचाळिसावा नियम आहे, खरा वेग साठ असेल तर मीटर सत्तरपर्यंत दाखवू शकतं. दहा टक्के आणि वर चार. पण साठाच्या खाली एक किलोमीटरसुद्धा नाही. जगभर मीटरं मुद्दाम थोडी पुढे ठेवतात ती याच्यासाठी. नव्या गाड्यांत तर ८० ला टुणटुण करायचं आणि १२० ला सारखं वाजायचं हे २०१९ च्या जुलैपासून सक्तीचं आहे. चालवणारा काट्यावर विसंबतो म्हणूनच ना?"

मामाचा चेहरा मला आरशात दिसत होता. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. "टिंबावरच बसवला होता मी," तो म्हणाला.

"फरक बघ ना. चाळीसला सहा, पन्नासला सहा. सेन्सरची चूक असती तर वेगाबरोबर वाढली असती. सगळीकडे सारखी आहे, म्हणजे चूक काट्याच्या कोनाची. उपटताना दुसरा काटा फिरून निघाला होता, आठवतंय? त्याच्याबरोबर दांडाही फिरला. तू काटा टिंबावर बसवलास, पण खाली दांडा हलला होता."

मला अजून वाटतं, त्या दिवशी मीटर दुरुस्त झालं ते इथे, पौड फाट्याच्या सिग्नलला. टेबलावरचे चार डाग होते तसेच चांगले होते. पण ते लावणाऱ्याला आपण खोटं मीटर तयार केलंय हे कळायला शेजारी कुणी संशय घेणारं बसावं लागलं. आणि संशय घेणारीला संशय घ्यायला काही मिळालं, ते एकाने झाकण उघडलं म्हणून.

घरी येऊन मीटर पुन्हा बाहेर. या वेळी वर नेलं नाही. मृणालनेच पद्धत सांगितली: काच काढून मीटर गाडीतच वायरीला जोडायचं, काटा दांड्यावर दाबायचा नाही, नुसता अलगद ठेवायचा. किल्ली फिरवायची. मोटर आपण होऊन मागे जाते, अडते, आपलं शून्य शोधते. ते सापडलं की काटा शून्याच्या रेघेवर आणून दाबायचा. मामाने किल्ली फिरवली. काटा वेडावाकडा होऊन मागे गेला आणि थांबला. आधी त्याने बसवला होता तो शून्याच्या जरा खाली होता. तेव्हा आम्हा तिघांनाही ते बरोबरच वाटलं होतं.

"तू दाब," मामा म्हणाला.

"मी?"

"मला इथून तिरकं दिसतं. तू समोर आहेस."

मृणालने श्वास धरून अंगठ्याने काटा दाबला. मी टॉर्च धरला होता, म्हणून मला दिसलं. तिचा हात थरथरत होता.

दुसऱ्या चकरेत काटा पन्नासवर, मोबाइल ४८. "जास्त दाखवतंय," मामा म्हणाला. "जास्तच दाखवू दे," मृणाल म्हणाली.

संध्याकाळी मामा डायरी घेऊन बसला. पाडव्याला ८६,४१२, आज ८८,०३०. पट्टी कोरी असताना गाडी १,६१८ किलोमीटर गेली. आंधळ्या महिन्यांचा हिशेब त्याने पेट्रोलवरून ठेवला होता: ८६.५ लिटर, लिटरला १६ धरून १,३८४. "दोनशे चौतीसचा फरक येतो," मृणाल खांद्यावरून बघत म्हणाली.

"चिपमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. बॅटरी काढली ना आपण."

"बॅटरी काढली तरी चिपमधले जात नाहीत. सकाळी तूच सांगितलंस."

"मग ॲव्हरेज जास्त पडलं असेल."

"लिटरला पावणेएकोणीस? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये?"

तेवढ्यात मामी आपले चमचे न्यायला आली. ते टेबलावर नव्हते, म्हणून तिने मामाची हत्यारांची पेटी उघडली. चमचे मिळाले. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक पुडकं होतं. मामीने सुतळी सोडली. आत आमच्याच गाडीचं मीटर, दुसरं. मागचे लॉक अनेकदा उघडून पांढरे पडलेले, एका पिनेभोवती सरावाचे कथलाचे थेंब.

मामीने मीटर बाजूला ठेवलं आणि कागद सरळ केला. "सातारा आवृत्ती," तिने वाचलं. "बावीस एप्रिल. अहो, त्या दिवशी तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होतात ना? दिवसभर?"

मामा सोल्डरची तार बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"यात किती किलोमीटर आहेत, मामा?" मृणालने विचारलं. "एक लाख त्रेचाळीस हजार?"

"दोनशे," तो पुटपुटला. "त्रेचाळीस हजार दोनशे."

"आणि घेतलंस कितीला?"

"पंधराशे."

"अधिक पेट्रोल," मृणाल म्हणाली.

"अधिक टोल," मामी म्हणाली, आणि चमचे घेऊन आत गेली.